पिवळ्या गळ्याची चिमणी


आज एका मुलाची गोष्ट सांगते.

मुलगा मुंबईतल्या खेतवाडीचा.
आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेलं.
मामानं वाढवलेला.

हातात छर्‍यांची बंदूक, आणि फिरायला मोकळं रान.
एकदा त्यानं एक चिमणी टिपली.
पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग!
ही कुठली चिमणी?

मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं.
साल होतं 1908.
तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला.
मग जपून ठेवलेले कितीतरी पक्षी त्याला दाखवले.

श्रोतेहो, हा मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली.

सुट्टीत तो चेंबूरला जाई.
तिथं तबेल्याच्या भिंतीत चिमणीचं घरटं होतं.
त्यानं नर मारला.
मादीनं लगेच दुसरा नर आणला.
पुन्हा तसंच, पुन्हा तसंच.
ती बंदूक मला आजही खुपते.
पण मुलानं हे सगळं लिहून ठेवलं, याचं फार कौतुक वाटतं.

मोकळ्या रानात लागलेली ही पाहण्याची सवय.
तीच पुढं कामाला आली.

1930 साली सालिम अलींना नोकरी नव्हती.
ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.
तिथं सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.
ते तासन्‌तास पाहत बसले.
तीच सवय, लहानपणची.

आणि त्यांना दिसलं ते असं.
नर अर्धं घरटं विणतो.
मादी येते, आत शिरून पाहते.
तिला पसंत पडलं, तरच तो ते पुरं करतो.
आणि लगेच दुसरं विणायला घेतो!