जॅक उचलतो, धरून ठेवत नाही
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज विषयपत्रिकेवर कांदा आहे, विजेची बिले आहेत. त्यांच्या आधी पंधरा मिनिटे आम्ही मागून घेतली आहेत आणि ती गाडीच्या जॅकवर खर्च करणार आहोत. मागच्या रांगेतले काहीजण हसले. हसा. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आम्हीही हसलो असतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यात बैठक होती. गाडी आमच्याच एका कार्यकर्त्याची, मालवाहू पिकअप. चोवीस वर्षांचा पोरगा, घरची गाडी, स्वतः चालवतो, स्वतःच दुरुस्त करतो. त्याने नवी हौस काढली होती. पुढच्या चाकांच्या ब्रेकचे कॅलिपर तांबडे रंगवायचे. एक बाजू झाली होती, दुसरी राहिली होती. खळ्यात गाडी जॅकवर चढवलेली, चाक काढलेले. आदल्या रात्री वळवाचा पाऊस होऊन गेलेला. जॅक रुततोय म्हणून त्याने विटा मागितल्या. विटा आम्ही उचलून दिल्या. ‘उशीर होतोय, आटप लवकर’ हेही आम्हीच म्हणालो. वीट फुटली, जॅक कलला, गाडी खाली बसली. पोराचा उजवा हात डिस्कखाली सापडला. हात राहिला, दोन बोटे गेली. आज त्याला खुरप्याची मूठ धड धरता येत नाही.

तिथे उभे असलेल्यांत कृषी पदवी घेतलेले आम्ही होतो. काळी माती ओली झाली की तिची भार पेलण्याची ताकद जाते, हे आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. खळ्यात ते आठवले नाही. म्हणून आज जे सांगतो आहोत ते उपदेश म्हणून ऐकू नका. आमची चूक तुमच्या खळ्यात होऊ नये, एवढ्यासाठी सांगतो आहोत.

आधी हिशेब करू. हिशेब मांडल्याशिवाय आपण शेतमालाचा भाव मागत नाही, मग जिवाच्या बाबतीत तरी अंदाजावर का जायचे? पुढच्या एका चाकावर ५०० किलो भार धरू. जॅकचा तळ १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर ५ किलो दाब आला. तोच जॅक ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या जाड फळीवर ठेवला, तर भार १३५० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. फळी मात्र वाकणार नाही इतकी जाड हवी. एका फळीने एवढा फरक पडतो. विटेने तो पडत नाही. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा भिंतीत छान. पण एका टोकावर भार आला की दोन्ही काही न कळवता फुटतात. लाकूड आधी करकरते, वाकते, माणसाला बाजूला व्हायला वेळ देते.

आता मुद्द्याची गोष्ट. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. तेलाचा जॅक आतल्या तेलाच्या दाबावर उभा असतो; एक रबरी वायसर झिजला किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तो बसायला लागतो. आट्यांचा जॅक तसा बसत नाही, पण त्याचा पाय अरुंद, म्हणून बाजूला धक्का लागला की कलंडतो. गाडीसोबत जो जॅक येतो तो रस्त्यावर चाक बदलण्यापुरता. गाडीखाली हात किंवा डोके घालायचे असेल तर लोखंडी घोडी हवी. शहरातले मेकॅनिक तिला स्टँड म्हणतात.

इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना हे नवीन नाही. बैलगाडीला वंगण घालायचे तर आखाखाली टेकू दिल्याशिवाय कुणी चाक काढत होते का? गाडीला खांदा देणारा गडी कितीही दांडगा असो, टेकू लागायचाच. गाडी लोखंडाची झाली, तिचे वजन चौपट झाले आणि आपण टेकू विसरलो.

तर गाडी उचलायची रीत अशी. जागा सपाट आणि टणक निवडा. उतारावर किंवा ओल्या रानात उचलूच नका. भरलेली गाडी आधी रिकामी करा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये टाका आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावा. गोल धोंडा नको, पाचरीसारखे लाकूड हवे.

उटी का, तेही समजून घ्या. बहुतेक पिकअप आणि जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो. मागची दोन्ही चाके उचलली की हँडब्रेक धरणार कशाला? आणि मागचे एकच चाक उचलले, तर गिअरचा भरवसा नाही. आख्यातल्या डिफरन्शियलमुळे अधांतरी चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरचे चाक त्याच्या उलट गडगडू शकते. मागे काम असेल तेव्हा पुढच्या चाकांच्या उट्या हाच खरा ब्रेक.

चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. अधांतरी चाकावर पान्याला हिसका दिला की गाडी जॅकवरून उतरते. मग जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. चेसिस असलेल्या पिकअपला चेसिस किंवा आख सापडतो. कारला वेगळी चेसिस नसते. तिच्या तळाच्या कडेला ठरलेल्या मजबूत जागा असतात. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो आणि मागोमाग गाडी. गाडी उचलली की घोडी लावा, जॅक हळू सोडून भार घोडीवर घ्या आणि गाडीला हाताने हलवून पाहा. हलली तर पुन्हा उचला, पुन्हा लावा. काढलेले चाक भिंतीला टेकवू नका; गाडीच्या कडेखाली आडवे सारा. घोडी दगा देईल त्या दिवशी ते चाक मध्ये येईल.

आता रंगाकडे येऊ. पोराच्या हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. रंगाने ब्रेक जोरात लागत नाही, पण गंज थांबतो. आपल्या गाड्यांतून युरिया जातो, पोटॅश जाते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते एक क्षारच, आणि गळालेल्या गोणीतले क्षार ओलाव्याशी मिळाले की लोखंड झपाट्याने खातात. कोकणातल्या भावांच्या गाड्यांना खारा वारा तेच करतो. तेव्हा खताची खेप टाकली की गाडीचा तळ धुवा, आणि रंगवायचे तर नीट रंगवा.

घराच्या दाराला लावतो तो रंग इथे चालत नाही. कारण ऐका. दीड टनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना एकदा थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यावर सुमारे ७०० मिलिलिटर पाणी उकळीला येईल. हे एका थांब्याचे. घाट उतरताना काय होत असेल ते तुम्हीच पाहा. साधा रंग करपतो आणि पापुद्रे निघतात. डब्यावर ब्रेक कॅलिपरसाठी असे लिहिलेला, उष्णता सोसणारा रंगच घ्या.

कॅलिपर जागेवर ठेवूनच रंगवा. ब्रेक ऑईलची नळी उघडू नका. आत हवा गेली की पेडल पोकळ लागते. दुसऱ्या कामासाठी कॅलिपर काढलाच असेल तर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेले की परत येत नाही. फडके ओले करून पुसा, मग तारेच्या ब्रशने गंज काढा. ब्रेक क्लीनर वापरा. डिझेलने तेलाचा थर राहतो, पेट्रोल पेट घेते. डिस्क, पॅड, पिस्टनचे रबर, सरकणाऱ्या पिना, हवा काढायचा निपल आणि चाक जिथे बसते तो हबचा पृष्ठभाग, यांना कागद आणि चिकटपट्टीने झाका. यांतल्या एकावर जरी रंग गेला तरी हौस महागात पडते. मग पातळ दोन-तीन हात, डब्यावर सांगितलेले अंतर ठेवून. काम उघड्यावर, नाकाला फडके बांधून. ब्रेक ऑईल रंगाला खाते, त्याचा थेंब पडू देऊ नका.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटचे आवळणे चाक जमिनीवर टेकल्यावर. निघण्यापूर्वी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक लागते का पाहा, अंगणातच हळू ब्रेक लावा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोनच गोष्टी. ट्रॅक्टरचा पुढचा आख मध्यावर झुलतो. पुढून उचलताना आख आणि सांगाड्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, नाहीतर ट्रॅक्टर एका अंगावर कलतो. आणि हायड्रॉलिकवर उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय जाऊ नका, मग काम एका मिनिटाचे का असेना.

शेवटी एक मागणी, आणि ती सरकारकडे नाही. गावागावात फवारणीचे पंप आपण एकमेकांना देतो, तशी प्रत्येक गावात वर्गणी काढून लोखंडी घोड्यांची एक जोडी आणि दोन जाड फळ्या घ्या. किती टनाची घोडी आहे ते तिच्यावर लिहिलेले पाहूनच घ्या आणि ज्याच्या घरी रात्री-अपरात्री दार वाजवता येते त्याच्याकडे ठेवा.

ज्या पोराची आम्ही गोष्ट सांगितली तो आज इथे मागे बसला आहे. नाव घेऊ नका म्हणाला, म्हणून घेत नाही. त्याच्या गावाची जोडी आम्ही आमच्या पैशाने घेतली आहे आणि तो आज ती घेऊन जाणार आहे. बाकीच्या गावांनी जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत गावाचे नाव लिहावे. पुढच्या बैठकीत हीच वही उघडून आम्ही विचारणार आहोत.

आता कांद्याचा विषय घेऊ.