विमान तासाभराचं, प्रवास केवढ्याचा?

सुट्टीत युरोपला निघालेली मंडळी हमखास विचारतात, "पॅरिसहून ल्यों किती लांब? विमानाने किती वेळ लागतो?" सरळ रेषेत साधारण 390 किलोमीटर, रस्त्याने 465 च्या घरात, आणि विमान तासाभरात पोचवतं. एवढं ऐकलं की मंडळी तिकीट काढून मोकळी. माझी तक्रार आहे ती इथेच.

पुरणपोळी तव्यावर असते दोन-तीन मिनिटं. म्हणून पाहुणे दारात आल्यावर कुणी पुरणपोळीचा बेत करतं का? डाळ शिजायला हवी, पुरण वाटायला हवं, कणीक मुरायला हवी. विमानाचा तास म्हणजे नुसता तव्यावरचा वेळ. शार्ल द गोल विमानतळ मध्य पॅरिसपासून 25 किलोमीटरवर, तिथवर जाणं ही झाली डाळ. सामान देणं, तपासणी, रांगा हे पुरण वाटणं. आणि पोळी तव्यावरून उतरली तरी ती लगेच ताटात पडत नाही. ल्योंचा विमानतळही शहराबाहेर. तिथून शहरातल्या पार-द्यू स्टेशनला यायला ट्रामने अर्धा तास. करा बेरीज, चार तास सहज होतात.

आता रेल्वे बघा. टीजीव्ही ही फ्रान्सची अतिवेगवान गाडी या मार्गावर 1981 पासून धावते. ऐन पॅरिसमधल्या गार द ल्यों स्टेशनात बसायचं आणि सुमारे दोन तासांनी ल्यों शहरात उतरायचं. मुंबईहून थेट शार्ल द गोलला उतरणाऱ्यांनी तर नीट ऐका: तिथे दोन नंबरच्या टर्मिनलमध्येच टीजीव्हीचं स्टेशन आहे, ल्योंची गाडी तिथूनच मिळते. पॅरिस बघायचं नसेल तर शहरात शिरायचीही गरज नाही.

पुन्हा सांगतो, कारण हेच नेमकं निसटतं: विमान हवेत किती वेळ असतं ते विचारू नका. या दारातून त्या दारात किती वेळ, ते विचारा.

फ्रान्स सरकारने हाच हिशेब कायद्यात घातला. रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येत असेल तर विमान नको, असा नियम 2023 मध्ये लागू झाला. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ल्यों, बोर्दो आणि नांत या शहरांना विमानाने जाणं त्यामुळे बंद झालं. पुढचं विमान पकडणाऱ्यांना मात्र सूट आहे.

आणि रेल्वेच नेहमी जिंकते असंही समजू नका. बोर्दो ते ल्यों सरळ रेषेत जेमतेम 435 किलोमीटर. पण मध्ये मासिफ सांत्रालचा डोंगराळ प्रदेश. थेट गाडी कधीच बंद झाली, वेगवान गाड्या पॅरिसच्या बाजूने वळसा घालतात, प्रवास पाच तासांच्या वर जातो. तिथे सव्वा तासाचं विमान, तव्याआधीचं सगळं धरूनही, बरं पडतं. अंतर जवळपास तेवढंच, पण रूळ कुठून गेलेत तेही बघावं लागतं.

तेवढं एक करा. तिकीट काढण्याआधी नकाशा उघडा, विमानतळ शहरापासून किती लांब आहे ते बघा, आणि मगच पैसे भरा.