दिल्लीच्या वसंतातले परागकण

होळीच्या सुमारास दिल्लीत सकाळी उठल्याबरोबर शिंका सुटतात, डोळे चुरचुरतात. ताप मात्र नसतो. सर्दी म्हणून काढे घेतले जातात, पण पुष्कळदा कारण असतं झाडांचे परागकण.

संशय येतो सावरीवर, तिचा कापूस हवेत तरंगताना दिसतो म्हणून. तिच्यावर हा आळ उगाच आहे. सावरीचे पराग जड, ते पक्षी वाहून नेतात. खरा त्रास देतो वावळ, दिल्लीकर त्याला पापडी म्हणतात. पानं गळलेल्या फांद्यांवर बारीक, हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके येतात. पाकळ्या नाहीत, लक्षही जात नाही. पण त्यांचे सूक्ष्म पराग वाऱ्यावर दूरवर जातात. जोडीला तुती असतेच. शिवाय 1911 साली राजधानी दिल्लीला हलवायचं ठरल्यानंतर इंग्रजांनी रिजच्या टेकड्यांवर वाढवलेली विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ.

फेब्रुवारी ते एप्रिल हा एक हंगाम; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवतं आणि तणांचा दुसरा. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये या परागकणांचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे.

दरवर्षी त्याच महिन्यांत त्रास होत असेल, तर त्वचेवरची ॲलर्जी चाचणी जरूर करून घ्या. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, कपडे घरात वाळवा, बाहेरून आल्यावर तोंड-डोळे धुवा. धाप लागली किंवा छातीत घरघर झाली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.