मशीनचं भाडं आणि माणसाची मजुरी



एप्रिल लागला की पुण्यात झाडांच्या फांद्या छाटायची घाई सुरू होते. सोसायट्या, शाळा, बंगलेवाले, सगळ्यांना पावसाच्या आधी आणि एकाच वेळी माणसं हवी असतात. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी मोडून खाली लावलेल्या गाडीवर येते. वर्षावृक्षाची तर एकेक फांदी म्हणजे एक झाडच. आमच्या बचत गटात अशा घरांतल्या बायका आहेत, जिथे नवरा, दीर किंवा भाऊ हे काम करतो. खाली पडलेल्या फांद्या ओढायच्या, कोयत्याने तोडायच्या, मोळ्या बांधायच्या आणि टेम्पोत भरायच्या, हे काम या बायकांचं. गटाने कर्ज काढून पेट्रोलवर चालणारी करवत घेतली, दोर घेतले, सेफ्टी बेल्ट घेतले आणि हे सामान कामावर लावायला सुरुवात केली. तेव्हापासून दर बैठकीत एक प्रश्न येतोच. दर किती लावायचा?

आज त्यावरच बोलू. तुमच्या गटाकडे करवत नसेल, पिठाची चक्की असेल, शेवयांचं मशीन असेल, लग्नाची भांडी असतील. हिशोबाची रीत सगळ्यांची सारखीच.

बाजारात दर कसा ठरतो ते आपण बघतोच. पहिली रीत म्हणजे शेजारचा काय घेतो ते विचारायचं आणि त्याच्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगायचे. दुसरी रीत म्हणजे गिऱ्हाईक किती देईल याचा अंदाज घ्यायचा. या दोन्हींत आपला खर्च किती, हे कुठेच येत नाही. रिक्षाचं मीटर बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २१ रुपयांवरून २५ रुपये झालं. हा आकडा कोणा एका रिक्षावाल्याच्या मनातला नव्हता. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, चालवणाऱ्याचं पोट, असा सगळा हिशोब मांडून सरकारी पातळीवर तो ठरतो. आपल्याला मीटर कोणी बसवून देणार नाही. ते आपणच बसवायचं.

आता कागद-पेन घ्या. मी सांगते ते आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा करवत २४,००० रुपयांची आहे आणि ती १,२०० तास चालेल. म्हणजे तासाला २० रुपये झिजतात. याला घसारा म्हणतात. हे पैसे रोज बाजूला पडले नाहीत, तर करवत बंद पडेल त्या दिवशी नवीन घ्यायला पुन्हा कर्ज. चेन समजा १,२०० रुपयांची आणि ४० तास टिकते, तासाला ३० रुपये. कानस, प्लग, फिल्टर, दुरुस्ती मिळून २०. पेट्रोल, त्यात मिसळायचं टू-टी ऑइल आणि चेनला लागणारं तेल मिळून १८०. कर्जाचं व्याज तासाला १०. झाले २६०. पावसाळ्यात मशीन घरात बसतं, कधी झाडात जुना खिळा किंवा बॅनरची तार निघते आणि नवीन चेन एका मिनिटात बोथट होते. त्यासाठी ४० धरा. तासाला ३०० रुपये.

पण हा तास मशीन प्रत्यक्ष चालल्याचा आहे. आठ तासांच्या दिवसात करवत जेमतेम तीन तास चालते. बाकीचा वेळ झाडावर चढण्यात, दोर बांधण्यात, फांदी हळूहळू खाली सोडण्यात आणि आवरण्यात जातो. म्हणजे दिवसाला मशीनचे ९०० रुपये.

आता माणसं. वर चढणारा १,५००. खाली दोर धरणारा १,०००. फांद्या आवरणाऱ्या दोघी, प्रत्येकीचे ८००, म्हणजे १,६००. बेल्ट, दोर, हेल्मेट यांची झीज २००. छोट्या हत्तीची एक खेप १,५००. बेरीज ६,७००. त्यावर गटाचे दहा टक्के, ६७० रुपये. एकूण ७,३७० रुपये.

या बेरजेकडे नीट बघा. गिऱ्हाईक म्हणतं, "मशीनने पाच मिनिटांत होतं, एवढे कशाचे?" मशीनचे तर ९०० रुपयेच आहेत, सगळ्या रकमेचा जेमतेम आठवा हिस्सा. बाकी सगळे हात, दोर आणि चाकं.

आणि गिऱ्हाईक म्हणालं, "दोन हजार कमी करा," तर ते कुठून कमी होतात? पेट्रोलपंपावर कोणी कमी करत नाही. टेम्पोवाला खेपेचे पैसे मोजून घेतो. वर चढणाऱ्याला कमी दिले तर तो चढणार नाही. मग उरतं काय? आवरणाऱ्या दोघींचे १,६००, बेल्टचे २०० आणि उरलेले २०० गटाच्या खिशातून. दोन हजार बरोबर भरले. कोणी ठरवून करत नाही हे, पण कात्री चालते ती नेहमी इथेच. बाईची मजुरी "घरचंच माणूस आहे" म्हणून बुडते आणि बेल्ट "अजून वर्षभर चालेल" म्हणून तसाच वापरला जातो.

म्हणून आमच्या गटाने ठराव केला. अंदाजपत्रकात मशीनचा दर वेगळ्या ओळीत, आणि प्रत्येक माणसाची मजुरी वेगळ्या ओळीत. 'मदतनीस' असा मोघम शब्द लिहायचा नाही. 'फांद्या आवरणे, दोन महिला, एक दिवस' असं लिहायचं. ज्याची ओळ कागदावर नाही, त्याचे पैसे आधी कापले जातात. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखं वेतन द्यावं, असा कायदा आपल्या देशात १९७६ सालीच झाला आहे. तो आपल्या अंगणात आणायचा तर सुरुवात या कागदापासून करावी लागते.

मजुरीसोबत माप लिहिणंही तितकंच गरजेचं. पुण्यात जन्मलेल्या गोदावरी परुळेकर १९४५ साली तलासरी-उंबरगावच्या वारली बांधवांसोबत उभ्या राहिल्या. तेव्हा मागणी नुसती 'जास्त मजुरी द्या' अशी नव्हती. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, अशी मापासकट मागणी होती. पुढच्या वर्षी जंगलातल्या कामासाठी रोज सव्वा रुपया मागितला गेला. आकडा आणि माप दोन्ही स्पष्ट असलं की फसवायला जागा राहत नाही. आपल्या पुण्यातल्या हमालांनीही संघटना करून हमालीचे दर असेच बोलून, ठरवून घेतले. १९६९ सालचा माथाडी कायदा अशाच कष्टकऱ्यांसाठी झाला.

आपल्या कामात माप चुकतं ते 'एका झाडाचे किती?' या प्रश्नावर. अंगणातली सुबाभूळ हेही एक झाड आणि रस्त्यावर पसरलेला वर्षावृक्ष हेही एकच झाड. झाडावर दर सांगू नये. दिवसाचा आणि अर्ध्या दिवसाचा दर सांगावा. अर्ध्या दिवसापेक्षा कमी काम घेऊ नये, कारण सामान नेणं-आणणं तेवढंच लागतं. रिक्षातसुद्धा दोन पावलं गेलात तरी पहिल्या टप्प्याचे पैसे द्यावेच लागतात. थांबून राहण्याचे पैसेही आधी ठरवावेत. झाडाखालच्या गाड्या हलवल्या नाहीत किंवा वीज बंद करून घेतली नाही, तर माणसं बसून राहतात आणि त्यांचा रोज चालूच असतो. तारांजवळची फांदी तर वीज बंद केल्याशिवाय कोणत्याही दराला तोडायची नाही.

परवानगीचंही तसंच. शहरातल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. खासगी जागेतलं झाड असलं तरी तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि फांद्या छाटण्यासाठीही आधी अर्ज करावा. तो कागद मालकाने आणायचा, आपण डोळ्यांनी बघायचा, मगच झाडाला दोर लावायचा. कागद नाही म्हणून दिवस फुकट गेला, तर अर्ध्या दिवसाचे पैसे कोण देणार, हे अंदाजपत्रकातच लिहावं.

आणखी एक गोष्ट हमखास ऐकू येते: "लाकूड तुम्हीच घेऊन जा, काम तेवढ्यात करा." गुलमोहराच्या लाकडाला भाव फारसा नाही, ओला ओंडका वाहून न्यायचाच खर्च जास्त. लाकूड आणि मजुरी यांची सरमिसळ करू नये. लाकूड घ्यायचंच तर त्याची किंमत वेगळी ठरवून बिलातून वजा दाखवावी.

मागच्या उन्हाळ्यात एका सोसायटीने आमचा कागद बघून दोन हजार कमी करायला सांगितले. आम्ही ओळी वाचून दाखवल्या आणि विचारलं, यातली कोणती खोडू? त्यांनी दुसरीकडे काम दिलं. बैठकीत एक ताई म्हणाली, "तत्त्व राहिलं, पण माझा रोज गेला." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हंगाम दोन महिन्यांचा, त्यात एक दिवस जाणं सोपं नाही. त्या बैठकीत खूप बोलणं झालं आणि एक वाट निघाली. दर कमी करायचा नाही, काम कमी करून द्यायचं. ज्या सोसायटीत पालापाचोळ्याचा खड्डा आहे, तिथे डहाळ्या बारीक करून खड्ड्यात टाकायच्या, जाड ओंडके कोपऱ्यात रचून द्यायचे. टेम्पोची खेप वाचली की दीड हजार आपोआप कमी. मजुरीच्या ओळीला हात लागत नाही. त्यानंतर अशी बरीच कामं मिळाली.

गटातल्या घरांना करवत स्वस्तात द्यावी का, हाही प्रश्न येतो. आमचा नियम असा, की दर सगळ्यांना एकच. सदस्याला फायदा वर्षअखेरीच्या वाटपात मिळतो. घरच्यांना खर्चाच्याही खाली दिलं, तर मशीन घरच्यांच्याच हाताखाली मरतं. आणि ज्याला ती चालवता येते, त्याच्याच हातात द्यायची, ओळख कितीही जवळची असो.

यासाठी एक वही ठेवा. तारीख, किती वाजता चालू, किती वाजता बंद, पेट्रोल किती, चेन कधी बदलली. आमची वही सदस्य आळीपाळीने लिहितात. दर सहा महिन्यांनी ती उघडून हिशोब पुन्हा मांडतो. पेट्रोल वाढलं तर दर वाढतो, आणि तो का वाढला हे गिऱ्हाइकाला दाखवता येतं.

शेवटी जिवाची गोष्ट. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला तो घेता येतो आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. वर चढणाऱ्याचा काढाच, पण खाली उभ्या असणाऱ्या बायकांचाही काढा. फांदी पडते ती खालीच.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत आपल्या गटाच्या मशीनचा कागद मांडा. एकेक ओळ मोठ्याने वाचा आणि बघा, त्यात तुमच्या हातांची ओळ आहे का. नसेल तर आधी ती लिहा, मग बेरीज करा.