त्याचं नाव काय होतं?

काही पुस्तकं आपण दुसऱ्याला आग्रहानं वाचायला देतो. ब्रेट ईस्टन एलिस यांची ‘अमेरिकन सायको’ ही कादंबरी मी बरीच वर्षं कुणाला दिली नाही आणि रद्दीतही घातली नाही. कपाटात मागच्या रांगेत ती पडून होती.

१९९० च्या अखेरीस मूळ प्रकाशकानं ती ऐन वेळी नाकारली. १९९१ मध्ये दुसऱ्यानं काढली, तेव्हा अमेरिकेत स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी बहिष्काराची हाक दिली. निवेदक पॅट्रिक बेटमन हा न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरचा सव्विशी-सत्ताविशीतला श्रीमंत तरुण. कुणी कुठल्या कंपनीचा सूट घातलाय हे तो ज्या थंडपणे सांगतो, त्याच थंडपणे आपण केलेले खूनही सांगतो. बायकांच्या छळाची पानं माझ्याच्यानं वाचवली नाहीत. मी ती उलटली. एवढ्या तपशिलाशिवाय लेखकाचं म्हणणं पोचलं नसतं का? पोचलं असतं, असंच मला आजही वाटतं.

मग पुस्तक ठेवलं कशाला? सांगतो. त्यात एक प्रसंग आहे. मित्रमंडळी आपापली व्हिजिटिंग कार्डं दाखवतात आणि दुसऱ्याचं कार्ड सरस निघताच बेटमनचा जीव खालीवर होतो. मी मनमुराद हसलो होतो. पुढे एका स्नेह्यानं कथानक विचारलं, तेव्हा हा प्रसंग मी अगदी रंगवून सांगितला. मग रस्त्यावरच्या बेघर भिकाऱ्याशी आलो. बेटमन त्याची विचारपूस करतो, नाव विचारतो आणि मग चाकूनं त्याला आंधळा करतो. ‘नाव काय त्याचं?’ स्नेह्यानं सहज विचारलं. मला आठवेना.

घरी येऊन पान शोधलं. अल. दोन अक्षरी नाव!

या कादंबरीत माणसं एकमेकांना सतत भलत्याच नावानं हाक मारतात. बेटमन वकिलाजवळ खुनांची कबुली देतो, तर वकील त्याला दुसराच कुणी समजतो आणि सारं थट्टेवारी नेतो. यावरही मी हसलो होतो. पण कार्डं लक्षात ठेवून माणूस विसरणारा मीही त्यांच्याच टेबलाशी बसलो होतो की!

परवा मुलीनं ते पुस्तक कपाटातून काढलं. ‘बाबा, वाचू?’ ती आता मोठी आहे, नको म्हणवेना. कुठली पानं मला वाचवली नाहीत, ते सांगितलं. आणि म्हटलं, ‘त्या भिकाऱ्याचं नाव तेवढं लक्षात ठेव.’