अंगणातील माशांची टाकी : आधी सुरक्षितता, मग शोभा

(भाषणाचा मजकूर)



हल्ली पुष्कळ घरांतून मुलांच्या हौसेखातर मासे पाळले जातात. काचेच्या लहान पेटीने समाधान झाले नाही, की अंगणात सिमेंटची मोठी टाकी बांधायचा बेत ठरतो. बेत चांगला आहे. पण "साहेब, पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, तरी आठ दिवसांत सगळे मासे मेले," अशी तक्रार वरचेवर कानी येते. शिवाय पाणी, वीज आणि लहान मूल ही तिन्ही एका ठिकाणी आली, की धोका माशांपुरता राहत नाही. म्हणून आज टाकीची उभारणी कशी करावी, ते पाहू.

जागा आणि पाया

समजा, टाकी १० फूट लांब व ६ फूट रुंद आहे आणि तिच्यात अडीच फूट पाणी भरले आहे. हे पाणी सुमारे सव्वाचार हजार लिटर होते, म्हणजे वजन सव्वाचार टन! चार भरल्या बैलगाड्यांचे हे ओझे. तेव्हा अशी टाकी माळवदावर किंवा गच्चीवर बांधू नये. काळ्या जमिनीत तर विशेष जपावे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाकीला तडे जातात. काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून चांगला धुमसावा व त्यावर काँक्रीटचा थर द्यावा. भिंत ९ इंची ठेवावी. तळाला थोडा उतार द्यावा आणि सखल बाजूस पाणी सोडण्याचा पाइप बसवून त्याच्या तोंडाला जाळी लावावी. दुपारचे ऊन थेट पडणार नाही आणि झाडाचा पालाही पाण्यात गळणार नाही, अशी जागा निवडावी.

मुलांची काळजी

अडीच फूट पाणी आपल्याला गुडघ्याच्या जरा वर लागते, पण रांगत्या मुलाचा जीव घ्यायला ते पुष्कळ झाले. टाकी जमिनीत पुरू नये. भिंत जमिनीपासून तीन फूट उंच घ्यावी. वर लोखंडी चौकटीची जाळी बसवून कडी लावावी. भिंतीलगत दगड, बादली, बाज असे चढायला सोपे काही ठेवू नये.

विजेची काळजी

हवा सोडणारा पंप किंवा लहान मोटर लावणार असाल, तर चार गोष्टी पाळा.

१. जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. अर्थिंग हवेच. शिवाय विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, म्हणजे ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी., बसवावा.

२. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्यावी. वायरीवरून ओघळणारे पाणी झोलावरून खाली गळते, प्लगात शिरत नाही.

३. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते.

४. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. कुणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा.

नव्या टाकीतला चुना

नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी होते. ते माशांना सोसत नाही. टाकी भरावी, तीन-चार दिवसांनी रिकामी करून घासावी, पुन्हा भरावी. असे दोन-तीन आठवडे करावे. त्या पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकण्याची पद्धतही आहे. पाण्याचा सामू साडेसात-आठच्या आसपास आला, म्हणजे टाकी तयार झाली. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकलेली असेल, तर ते एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच वापरावे.

स्वच्छ पाण्यातही मासे का मरतात?

आपण अमोनियम सल्फेट टाकतो, तेव्हा मातीतले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. टाकीतही हेच घडते. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. तो विषारी आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीस आठ-दहा गप्पी मासेच सोडावे. ते डासांच्या अळ्याही खातात. महिना-दीड महिन्याने थोडे थोडे मासे वाढवावे. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढेच घालावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी मेथी-कोथिंबिरीला द्या, वाया घालवू नका.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. वीज नसेल, तर बादलीने पाणी उंचावरून टाकीतच पुन्हा पुन्हा ओतावे.

दोन सक्त सूचना

फवारणीचा पंप टाकीजवळ धुऊ नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असतात. गोचिडांसाठी जनावरांना लावायची काही औषधे याच जातीची आहेत, तेव्हा तो हात टाकीत बुडवू नका.

दुसरे, नकोसे झालेले मासे ओढ्यात, नदीत सोडू नका. परदेशी जाती आपल्या माशांच्या मुळावर येतात. थाई मांगूर तर पाळूच नये, भारत सरकारने त्यावर २००० सालीच बंदी घातली आहे.

टाकी बांधायला आठवडा पुरतो, ती मुरायला दोन महिने लागतात. पीक पोसायला आपण धीर धरतोच की! तेवढा धीर इथेही धरा, आणि पहिल्या दिवशी मासे नाही, आधी जाळी आणा.