उष्णतेची चाहूल

भिलाईत घर उबविण्याची गरज पौष-माघातील काही रात्रींपुरतीच; थंडीचे कौतुक तेथे तेवढेच. परंतु उष्णतेवर अष्टौप्रहर पहारा ठेवण्याची विद्या तेथे जुनी आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा भट्टीत सोडावयाची हवा आधी विटांच्या उंच मनोऱ्यांत सुमारे हजार अंशांपर्यंत तापवितात. मनोऱ्याच्या घुमटाशी थर्मोकपल, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा असतो. सांधा तापला की सूक्ष्म विद्युत्दाब निर्माण होतो. या परिणामाचा शोध सीबेक यांनी १८२१ मध्ये लावला. त्या दाबावरून घुमट किती तापला हे कळते, आणि विटांना इजा होण्यापूर्वीच जळता वायू आवरता येतो.

घरातील संवेदकाचे कामही हेच. खोली ठरलेल्या अंशापर्यंत तापताच तो हीटर बंद करवितो. मात्र त्याला कळते ती केवळ स्वतःच्या जागेची उष्णता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावल्यास शेगडीच्या धगीने तो फसेल आणि मागल्या खोलीतील आजारी आजी कुडकुडत राहतील. म्हणून तो त्यांच्या पलंगाजवळ, परंतु खिडकी व हीटर या दोहोंपासून दूर बसविणे इष्ट.